करंजाखालची देवी

सासूबाई गेल्या त्याला आता चार महिने होतील. तेराव्याला घर भरलं होतं आणि जो तो त्यांची एकेक आठवण सांगत होता. कुणाच्या म्हशीचं अडलेलं रेडकू त्यांनी ओढून काढलं होतं, कुणाच्या लेकीला बाळंतपणात चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं, कुणाला टोकावड्याच्या बाजारात चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. लोक हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मी पत्रावळ्या मांडत होते. तेवढ्यात एक चुलत जाऊ म्हणाली, तू पण सांग गो काहीतरी, सगळ्यांत जास्त तूच राहिलीस त्यांच्याजवळ. मला सांगता आलं नाही. माझी आठवण चार माणसांत सांगण्यासारखी नाही, आणि तिच्यात माझी एक लबाडी आहे. म्हणून ती लिहिते आहे. रोज दुपारी भांडी झाली की अर्धं पान होतं. कधी तेवढंही होत नाही.

माझं माहेर शहापूरचं. वडील एका लहानशा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत. फाटलेली पुस्तकं ते घरी आणत आणि मी खळ लावून त्यांची पानं चिकटवत असे. चिकटवता चिकटवता वाचायची सवय लागली. बारावी झाले आणि लग्न ठरलं ते मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या रस्त्यापासून पाऊण तास आत चालत जावं लागे अशा गावात. नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला, घरी भाताची शेती, दोन बैल आणि एक म्हैस. सासूबाईंना मी आत्या म्हणे, सासऱ्यांना मामा. गावात बारावी शिकलेली सून तेव्हा मी एकटीच. वर्षभरात पंचायतीने मला बालवाडी चालवायला दिली आणि मी सगळ्या गावाची बाई झाले.

पहिला मुलगा माहेरी झाला. दुसऱ्या खेपेला माहेरी जायच्या आतच पोटात दुखायला लागलं आणि मुरबाडच्या दवाखान्यात आठव्या महिन्यात मुलगी झाली. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पौष महिना होता, भाताच्या खाचरांत वाल फुलले होते. चार दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. ती फार लहान होती. आत्या तिला कापसात गुंडाळून चुलीजवळ घेऊन बसत. पाचवी पुजली. बारसं व्हायचं होतं. नवव्या दिवशी पहाटे मी तिला पाजायला घेतलं तेव्हा ती गार होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी आतल्या खोलीत होते. आत्यांनी माझ्या मांडीवरून तिला उचललं, स्वतःच्या पदरात घेतलं आणि बाहेर नेलं. थोरल्याला शेजारी पाठवलं. माणसं दबक्या आवाजात बोलत होती. इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, माती देतात, आणि ते काम पुरुषांचं. आईने तर जायचंच नसतं. पुढच्या दाराने ते गेले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बऱ्याच वेळाने उठून बसले. खोलीला एकच खिडकी होती, मागच्या बाजूची, ओढ्याकडे उघडणारी. तिच्यातून मला मामा आणि हे ओढ्यावरून वर येताना दिसले. दोघांचे केस ओले होते. मामांच्या खांद्यावर फावडं होतं आणि फावड्याला माती होती. त्यांच्या पाठीमागे ओढ्याच्या काठावरचं करंजाचं झाड होतं.

कुणी मला काही सांगितलं नाही. मी कुणाला विचारलं नाही. बारशाच्या आधी गेलेल्या मुलाविषयी आमच्या गावात बोलत नाहीत. त्याचं श्राद्ध नसतं, पान वाढायचं नसतं. त्या वर्षी एकदा मी यांच्याजवळ विषय काढला. अर्धं वाक्य झालं असेल. हे उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. म्हैस नुकतीच पाणी पिऊन आली होती. मी पुन्हा विषय काढला नाही. मला विचारायची गरजही नव्हती. मी खिडकीतून पाहिलं होतं.

चाळीस दिवस झाल्यावर मी पहिल्यांदा ओढ्यावर धुणं घेऊन गेले. सोबतच्या बायका पुढे जाईपर्यंत थांबले आणि करंजाच्या मुळाशी बसले. अजून दूध येत होतं. ते मी तिथे पिळलं. मातीत लगेच जिरून गेलं. मुळांच्या मधे एक गुळगुळीत दगड होता, त्याच्यावर हात ठेवला. मग धुणं धुतलं आणि घरी आले.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्या करंजाखाली बसत आले. धुणं दगडांवर वाळत घातलं की तासभर तिथेच. वडील शहापूरहून यायचे तेव्हा वाचनालयातली जुनी, यादीतून काढलेली पुस्तकं आणायचे. त्यांतली मुलांची पुस्तकं मी बालवाडीत वाचायच्या आधी तिथे वाचायचे. अर्धवट मोठ्याने. पहिल्या वर्षी अंगाईगीतं झाली, मग बडबडगीतं, मग गोष्टी. ती चार वर्षांची झाली असती त्या वर्षी मी मुळाक्षरांचं पुस्तक नेलं. हे कुणाला सांगितलं असतं तर डोकं फिरलंय म्हणाले असते. मला माहीत होतं की तिथे कुणी ऐकत नाही. तरी मोठ्याने वाचत होते. पौषातल्या त्या तिथीला दगडावर एक फूल ठेवायचं, एवढीच माझी पूजा. घरच्या देवांपुढे मी दिवा लावत असे तो आत्यांनी सांगितलं म्हणून. माझा देवावर तेव्हा राग होता असं नाही. बोलणं बंद होतं.

आत्यांविषयी मात्र मनात अढी होती. ती लिहायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगी गेली त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाल निंदायला बाई लावली. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी डिंक-खोबऱ्याचं करून आणलं आणि म्हणाल्या, खा, अंग भरून येईल. मी मनात म्हटलं, या बाईला दगडाचं काळीज आहे. अकरा वर्षं मी त्यांच्याशी नीट वागले, कधी उलट बोलले नाही, आणि हे मत बदललं नाही. मामा गेले तेव्हाही नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला गावाला बंधारा मंजूर झाला. ओढा पावसाळ्यात दुथडी भरून वाहायचा आणि माघापासून धुण्यापुरती डबकी तेवढी उरायची. बंधारा झाला तर चैत्रापर्यंत पाणी राहणार, भात काढून झाल्यावर भेंडी-काकडी घेता येणार. टोकावड्याकडे काही जणांनी भेंडी लावून चांगले दिवस पाहिले होते. आमची खाचरं ओढ्याला लागून. यांच्या डोक्यात त्या बंधाऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. कारखान्यातून आले की चहा घेता घेता तेच. पाइप कुठून न्यायचा, कुठल्या खाचरात भेंडी, कुठल्यात काकडी. भेंडी निघाली तर नोकरी सोडीन म्हणायचे. पंधरा वर्षं सायकल आणि एसटी करून ते कंटाळले होते. मलाही आनंद झाला होता.

मग फाल्गुनात मोजणीची माणसं आली. ओढ्याच्या काठाने चुन्याची रेघ ओढून गेली. दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन गेले तर करंजाच्या बुंध्यावर चुन्याची मोठी फुली होती. झाड तोडायचं होतं आणि काठ आठ-दहा फूट खोल खणायचा होता. जेसीबी येणार होता.

मी त्या दिवशी धुणं तसंच ओलं घरी आणलं. डोळ्यांसमोर एकच चित्र. जेसीबीचं ते दातेरी फावडं वर येतंय, भोवती सगळं गाव उभं आहे, पोरं टाळ्या पिटताहेत, आणि त्या मातीत. पुढे मी जात नसे. पण रोज पुन्हा तिथपर्यंत यायचे. इतक्या वर्षांत काही उरलं असेल का, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात शोधलं. मिळालं नाही. यांना सांगावं, तर यांनी अकरा वर्षांत तिचं नाव काढलं नव्हतं. नाव तरी कुठे होतं. आणि सांगून ते काय करणार होते? बंधारा नको म्हणणार होते?

फाल्गुन सरत आला. ओढ्यावर बायका बोलत होत्या, पाडव्यानंतर काम लागणार, आधी करंज पाडणार. माझ्या तोंडून निघालं, "त्या करंजाला हात लावू नका. मला तीनदा स्वप्न पडलंय. त्याच्याखाली देवी आहे."

सगळ्या धुणं आपटायच्या थांबल्या. माझी चुलत जाऊ, जिची जीभ फार तिखट, म्हणाली, "काय बाई, तुमीच पोरांना शिकवता ना, भूतबित काय नसतं, पिंपळावर काय नसतं? मग ही कुठली आली?"

मी म्हटलं, भूत नाही, देवी. आणि मान खाली घालून साबण लावत राहिले. एकाच लुगड्याला तीनदा. ते पाहून त्यांची खात्री पटली असावी.

दुसरी एखादी म्हणाली असती तर हसण्यावारी गेलं असतं. पण मी बालवाडीची बाई. उपासतापास न करणारी, पुस्तकं वाचणारी. ही खोटं कशाला बोलेल? दोन दिवसांत त्या गुळगुळीत दगडाला हळदकुंकू लागलं. चार दिवसांत हिरव्या बांगड्या आल्या, नारळ आला. आठवड्याने कुणाची तरी गाय त्या दगडाला नवस बोलल्यावर दूध द्यायला लागली. डोंगराच्या पाड्यावरून दोन म्हाताऱ्या चालत आल्या आणि मलाच विचारू लागल्या, देवीला कोंबडं चालतं काय. मी म्हटलं, नाही चालत, फूल चालतं. माझं खोटं माझ्या डोळ्यांसमोर अंग धरत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. थांबवायचंही नव्हतं.

पुरुष दोन बाजूंना झाले. सरपंच वैतागले. त्यांनी सांगितलं, पावसाच्या आत काम झालं नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. ठेकेदाराने कळवलं की देवाची जागा असेल तर आपला माणूस मशीन लावणार नाही, आधी तुमचं मिटवा. हे घरी आले की माझ्याशी बोलत नसत. पंधरा वर्षं माझ्याबरोबर संसार केलेला माणूस, मला कसली स्वप्नं पडतात हे त्यांना ठाऊक होतं. एकदा फक्त म्हणाले, "तुला बंधारा नको होता तर तसं सांगायचंस." त्यांनी पाइपांचा हिशेब लिहिलेला कागद घडी करून फळीवर ठेवून दिला.

गावातल्या मंडळींनी मग ठरवलं की भगताला आणून विचारावं. त्यासाठी आत्यांकडे आले, कारण घरातली मोठी त्या. आत्या म्हणाल्या, बघू. आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ओटीवर त्या तांदूळ पाखडत होत्या आणि मी समोर निवडत बसले होते. अंगणात मोहाची फुलं वाळत होती, त्यांचा गोड वास सगळीकडे पसरला होता. सुपाचा आवाज थांबला.

"करंजाखाली कोण हाय तुझं?"

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"मना म्हायत असतं तर इचारलं असतं काय?"

"आपली मुलगी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. तांदूळ थोडे सांडले, ते त्यांनी गोळा केले नाहीत. ही नवीनच गोष्ट होती.

"कोणी सांगलं तुला?"

कुणी नाही, मी म्हटलं. मी खिडकीतून पाहिलं. मामा आणि हे ओढ्यावरून येत होते, फावडं होतं, फावड्याला माती होती.

"अगो, ते आंघूळ करून येत व्हते," आत्या म्हणाल्या. "नेलं एका वाटंनी, आलं दुसऱ्या. न्हेल्या वाटंनी माघारी कोण येतो काय?"

"आमच्याकडे येतात."

"तुमच्या शहापुरात काय, डांबरी रस्ता एकच."

आमच्या गावची ही रीत मला तेव्हा ठाऊक नव्हती. मातीला नेताना एक वाट धरायची, माघारी येताना दुसरी, आणि मधे वाहत्या पाण्यात आंघोळ करून यायचं. लहान मूल असेल तर फारच जपून. आत्यांनी नंतर समजावलं ते असं की आईला जागा कळू नये. कळली तर ती तिथे जाऊन बसते, दूध आटत नाही आणि पुढचं मूल राहत नाही. मामा गेले तेव्हा त्यांना जाळलं होतं आणि सगळा गाव सोबत होता. तेव्हाही पुरुष ओढ्यावरून आले होते. मी ते पाहिलं होतं. पण एका गोष्टीवरून दुसरी ताडून बघावी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी पुस्तकं वाचून.

"म्हंजे तू ती अकरा सालं तिथं बसते," आत्या म्हणाल्या, "ती त्याच्यासाठी?"

मी मान हलवली.

"मना वाटं, कामाचा कंटाळा. पुस्तक घेऊन जाते नि धुणं वाळंपर्यंत येत नाय. मी तुझ्या नवऱ्याला दोनदा सांगलं पण, बायको आळशी हाय तुझी म्हणून."

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, गदागदा. मला आधी कळेना की हे हसणं आहे की रडणं. मग मीही हसायला लागले. आम्ही दोघी सांडलेल्या तांदळांसमोर बसून बराच वेळ तशाच होतो. शेजारची शेळी ओटीवर चढली आणि तांदूळ खायला लागली तरी कुणी तिला हाकललं नाही.

शेवटी मी विचारलं, मग ती कुठे आहे?

त्यांनी हाताने टेकडी दाखवली. आमची नाचणीची जमीन तिकडे आहे, ओढ्याच्या अगदी उलट बाजूला. "मोहाखाली. मामांनी तुझ्या मना एकटीला दाखवलं. मी जातंय ना दर सालाला."

तेव्हा मला अंगणातली फुलं दिसली. आत्या दर चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जात. त्या एका झाडाखाली दुसऱ्या कुणाला वेचू देत नसत. एकदा जावेने तिथली फुलं वेचली म्हणून महिनाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. गावात सगळे म्हणत, म्हातारी मोहाची चिकट. मीही म्हणत असे.

"मना वाटलं तू ईसरली," आत्या म्हणाल्या. "शिकल्याली हायेस, पुस्तकात जीव लागला तुझा. म्हटलं बरं झालं. एकीनं ईसरलेलं बरं."

मी त्यांना विचारलं ते विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. मी म्हटलं, मग मी इतकी वर्षं नुसत्या झाडापुढे वाचत बसले?

आत्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "पोर काय लांब नाय. हाकंवर हाय. आन तू वाचतेस पण मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मला घेऊन गेल्या. चढ बराच होता आणि त्या माझ्या पुढे चालत होत्या, मधे मधे थांबून माझीच वाट बघत. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. बुंध्यापासून चार पावलांवर सुपाएवढ्या जागेत दगड मांडले होते, आणि त्यांच्यावर बोराटीची काटेरी फांदी, कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून. फांदी नवी होती. अकरा वर्षं दर वर्षी नवी फांदी. आत्यांनी मला दाखवलं आणि पाठ करून त्या फुलं वेचायला लागल्या.

मी बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. महिनाभर मला नीट झोप नव्हती. थंड वारा होता, खाली आमचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं, आणि ओढ्यापासून ही जागा किती दूर आहे, किती उंच आहे, एवढंच मी पुन्हा पुन्हा बघत होते. इथे कुणी बंधारा बांधणार नव्हतं. इथे कुणाला काही खणायचं नव्हतं. कधी आडवी झाले ते कळलं नाही. आत्यांनी हलवून उठवलं तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि त्यांची टोपली भरली होती.

आता प्रश्न राहिला माझ्या देवीचा. मी आत्यांना म्हटलं, मी ओढ्यावर जाऊन सगळ्यांना खरं सांगते. त्या म्हणाल्या, खरं काय सांगणार? पोरीचं सांगणार? ते तोंडातून काढायचं नाय. आणि नुसतं खोटं बोलले म्हणून सांगितलं तर उद्या तुझ्या बालवाडीत पोर पाठवील काय कोण? मग त्या तिथेच वाटेत एका दगडावर बसल्या, विचार केला, आणि म्हणाल्या की आज सपान मना पडंल.

ते स्वप्न त्यांनी दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सांगितलं, आणि माझ्यापेक्षा फार चांगलं सांगितलं. देवी म्हणाली, पाणी येणार म्हणता, मग मना बुडवता काय? मना वर न्या, टेकडीवर, मोहाखाली. पाण्याला माझी ना नाही. लोकांना एवढंच हवं होतं. सरपंचांनी तर नारळ स्वतः आणला.

दोन दिवसांनी बायका करंजाखाली जमल्या. आत्यांनी तो गुळगुळीत दगड मुळातून काढला, ओढ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यात धुतला आणि पदरात घेतला. हे त्या दिवशी घरी होते. लांब, बांधावर उभे राहून बघत होते. बायका टेकडीच्या वाटेला लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. ते बांधावरून उतरले, चढाच्या पायथ्याशी आम्हाला गाठलं आणि आईच्या पदरातून दगड स्वतःच्या हातात घेतला. म्हाताऱ्या आईला चढ झेपत नाही म्हणून मुलाने घेतला, असंच सगळ्यांना वाटलं.

मोहाखाली आल्यावर त्यांनी दगड मांडायला घेतला. आत्यांनी आधीच येऊन तिथले जुने दगड आणि फांदी बाजूला केली होती. त्या म्हणाल्या, इथं ठेव. ते वाकले, मग थांबले. मी त्यांच्या बाजूलाच होते. बायका आरतीचं ताट लावत होत्या, त्यांच्या बोलण्याचा गलका चालला होता. यांनी माझ्याकडे न बघता हळू म्हटलं, "इथं नाय. थोडी उजवीकडे होती."

अकरा वर्षांत तिच्याविषयी त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. दगड त्यांनी उजवीकडे सरकवून ठेवला. हात लगेच काढला नाही.

गावातल्या बायका अजून चैत्रात तिथे जातात. नारळ फोडतात, लेकरांसाठी मागणं मागतात. मी त्यांच्याबरोबर जाते. आता आत्या नाहीत, तर बोराटीची फांदी मी बदलते, देवीला कुंपण म्हणून. ही लबाडी आहे हे मला माहीत आहे. पण हात जोडून उभी राहते तेव्हा मला खोटं वागल्यासारखं वाटत नाही, आणि घरच्या देवांशी बोलणंही त्याच सुमाराला पुन्हा सुरू झालं. त्यामागचं कारण मी शोधलं नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण पुस्तकात बघायची सवय थोडी कमी झाली आहे.

त्या वर्षी अक्षय्यतृतीया झाली आणि जेसीबी आला. आदल्या दिवशी करंज पाडला होता. मला सगळं कळलं होतं, मी डोळ्यांनी जागा पाहिली होती, तरी सकाळपासून माझे पाय घरात ठरेनात. चहाचं निमित्त करून मी ओढ्यावर गेले आणि कडेला उभी राहिले. मशीन चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ होता, सरळगावच्या बाजूचा. त्याने फावडं टेकवलं आणि जिथे मी अकरा वर्षं बसले होते तिथली माती उचलली. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, मग गोटे. करंजाची मुळं दोरखंडासारखी तुटत होती. मी प्रत्येक खेप बघत होते. खड्डा माझ्या कमरेइतका झाला, मग डोक्याइतका. पाणी झिरपायला लागलं, खेकडे इकडेतिकडे पळायला लागले आणि काठावरच्या बायका ते धरायला धावल्या.

हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. पाइप कुठून आणायचा ते सांगत होते. मी हो म्हणत होते.

दुपारी मशीन थांबलं. चालवणारा खाली उतरून चहा प्यायला आला. कप हातात घेत म्हणाला, "वहिनी, सकाळपासून बघतोय, तुमची नजर हलत नाय खड्ड्यावरून. सोनंबिनं पुरलंय काय इथं कोणी?"

"नाही हो," मी म्हटलं. "इथे काही नाही. तुम्ही खुशाल खणा."